मुलांमधील आंत्रपुच्छदाह : रक्ततपासणीवरून तीव्रतेचा अंदाज

आंत्रपुच्छदाह (बोलीत नुसते ‘अपेंडिक्स’) झालेल्या मुलात आंत्रपुच्छ फक्त सुजले आहे, की सडले किंवा फुटले आहे, याचा अंदाज नेहमीच्या रक्ततपासण्यांवरून बांधण्याची पद्धत. त्यासाठी खास तपासणी लागत नाही. दाखल करताना काढलेल्या रक्तातले सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (दाहात वाढणारे प्रथिन), सोडियम आणि बिलिरुबिन (कावीळीत वाढणारे पित्तातले रंगद्रव्य) पुरतात. निदानाचा पाया मात्र पोट तपासणे आणि सोनोग्राफी हाच. ५ वर्षांखालच्या मुलांना दुखणे नीट सांगता येत नाही आणि त्यांच्यात आंत्रपुच्छ फुटण्याचे प्रमाणही जास्त असते, म्हणून तिथे या आकड्यांचा आधार अधिक वाटतो.

पांढऱ्या पेशी सर्वांत आधी वाढतात. मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या १० गुणांच्या गुणपद्धतीत पेशी (दर घनमिलिमीटर रक्तात) १०,००० च्या वर गेल्यास १ गुण आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढल्यास आणखी १ गुण मिळतो. उरलेले ८ लक्षणांचे आणि पोटाच्या तपासणीचे. तीव्रता ओळखायला मात्र एकूण पेशींचा आकडा कमकुवत आहे, कारण साध्या सुजेतही तो १५-१६ हजारांवर जातो. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) यांचे गुणोत्तर थोडे अधिक सांगते. एकूण पेशी १६,०००, न्यूट्रोफिल ८० टक्के आणि लिम्फोसाइट १४ टक्के असतील, तर अनुक्रमे १२,८०० आणि २,२४० पेशी होतात. गुणोत्तर सुमारे ५.७. पण साधारण ४-५ वर्षांपर्यंत निरोगी मुलातही लिम्फोसाइटच जास्त असतात. त्यामुळे २ वर्षांच्या आणि १२ वर्षांच्या मुलाला एकच मर्यादा लावणे चूक आहे.

सीआरपी यकृतात तयार होते. दाह सुरू झाल्यावर ६ ते ८ तासांनी ते वाढू लागते आणि साधारण दीड ते दोन दिवसांनी शिखर गाठते. म्हणून अहवाल वाचण्याआधी ‘पोट कधीपासून दुखतंय?’ हे विचारलेच पाहिजे. ५ तासांच्या दुखण्यात सीआरपी नॉर्मल आले तर त्याला फारसा अर्थ नाही. दोन दिवसांनंतर ते १०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या पुढे असेल, तर फुटलेले आंत्रपुच्छ किंवा पू धरावाच लागतो. आंत्रपुच्छ फुटताच दुखणे काही काळ कमी होते, घरचे निश्चिंत होतात, आणि सीआरपी चढतच राहते. एककाची गफलतही नेहमीची : काही प्रयोगशाळा आकडा प्रतिडेसिलिटर देतात, तिथले ८ म्हणजे प्रतिलिटर ८०.

सोडियम १३५ मिलिमोल प्रतिलिटरच्या खाली जाणे हे गुंतागुंतीच्या आंत्रपुच्छदाहाचे दुर्लक्षित पण स्वस्त लक्षण. तीव्र दाहात मूत्ररोधी संप्रेरक जास्त स्रवते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि रक्तातले सोडियम विरळ होते. उलट्या त्यात भर घालतात. बिलिरुबिन १ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या वर गेले तरी संशय वाढतो, कारण आतड्यातल्या जंतूंची विषद्रव्ये शिरेवाटे थेट यकृतात पोहोचून पित्ताचा प्रवाह मंदावतात. मात्र गिल्बर्ट दोष (बिलिरुबिन हाताळण्यातला जन्मजात, निरुपद्रवी दोष) असलेल्या मुलाचे बिलिरुबिन नुसत्या उपाशीपोटीही वाढते.

चुका बहुधा रक्त काढतानाच होतात. सलाइन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतले तर ते पातळ होऊन पेशींसकट सगळेच आकडे बिघडतात. ग्लुकोजची बाटली असेल तर सोडियम खोटे कमी दिसते. आधीच्या दवाखान्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले असेल तर न्यूट्रोफिल दाहाविनाही वाढतात. पावसाळ्यात पोटदुखी आणि ताप घेऊन आलेल्या मुलात पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली आणि प्लेटलेटही कमी असतील, तर आधी डेंग्यूचा विचार करावा. खालच्या फुप्फुसाचा न्यूमोनिया आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हेही पोटदुखीसह पेशी आणि सीआरपी दोन्ही वाढवतात.

आकडे अधांतरी असतील तर ६ ते १२ तासांनी पोट पुन्हा तपासून तीच चाचणी परत करतात. मूल आजारी दिसत असेल, पोट ताठ झाले असेल, तर अहवाल नॉर्मल आला म्हणून शस्त्रक्रिया थांबवत नाहीत.