गाडी लाल पिशवी का ठेवून गेली?
(नर्सिंग होम, दवाखाने, दातांचे डॉक्टर आणि लॅबवाले यांच्यासाठी)

दवाखान्यांतला वैद्यकीय कचरा गाडीनं गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याचं काम आम्ही करतो. आठवड्यातून चार-पाच फोन तरी याच विषयाचे येतात. "तुमचा पोरगा आला, पिवळी पिशवी नेली आणि लाल पायरीवर तशीच टाकून गेला. पैसे मात्र पूर्ण महिन्याचे घेता." पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "शेवटी सगळं जाळायचंच ना? मग कुठल्या पिशवीत काय टाकलं, त्यानं काय बिघडतं?" दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. हा कागद सिस्टरना आणि मावशींनाही वाचायला द्या. पिशवीला हात त्यांचा लागतो, डॉक्टरांचा नाही.

पहिली गोष्ट, सगळं जळत नाही. भट्टीत जाते ती पिवळी: रक्ता-पुवानं भरलेला कापूस, गॉज, प्लॅस्टर, ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीतलं प्लॅस्टिक, म्हणजे आयव्ही सेट, कॅथेटर, युरीन बॅग, हातमोजे, सुई कापलेल्या सिरिंज, हे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात जातं. १२१ अंश, १५ पौंड दाब, एक तास. मग श्रेडरमध्ये त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे परवानाधारक रिसायकलरकडे जातात. हे प्लॅस्टिक भट्टीत टाकलं तर त्यातल्या क्लोरीनमुळे धुरात डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायनं तयार होतात. पिशव्याही क्लोरीनविरहित हव्यात असा नियम आहे, तो त्यासाठीच. बाजारात निम्म्या किमतीला मिळणारी पिवळी पिशवी आम्ही का विकत नाही, हे विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

आणि तुकडे का करायचे? २००९ साली गुजरातेत मोडासा भागात काविळीची, हिपॅटायटिस बी ची साथ आली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं ती पसरली होती आणि माणसं दगावली. न कापलेली सिरिंज भंगारात गेली की ती धुऊन परत विकणारा कुणीतरी भेटतोच. कापलेली सिरिंज कुणी विकत घेत नाही.

आता लाल पिशवीकडे येऊ. ती मागे राहते याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा एकच असतं: आत सुई आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा एक मुलगा लाल पिशवी क्रेटमध्ये ठेवत होता. पिशवी मांडीला टेकली आणि टोचलं. पँटवर रक्ताचा एक ठिपका, पिशवीच्या तळाला पाच एमएलची सिरिंज, सुई तशीच, टोपण नाही. पिशवीवरचा बारकोड स्कॅन केला, दवाखाना लगेच कळला. (पुष्कळांना वाटतं बारकोड बिलासाठी आहे. बिलाला त्याचा उपयोग नाही, अशा वेळी आहे.) पण दवाखाना कळला म्हणून पेशंट कळत नाही. त्या दिवशी तिथे कितीतरी इंजेक्शनं झाली होती, ही सुई कुणाची? एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत जावा लागतो, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नसतो. ड्रायव्हरनं गाडी तिथूनच सरकारी रुग्णालयाकडे वळवली. गोळ्या २८ दिवस चालल्या. त्या दिवशी पुढच्या दवाखान्यांत गाडी रात्री नऊनंतर पोचली आणि त्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलाचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. हिपॅटायटिस बी ची लस त्याला आधीच दिलेली होती, नियमानं ती द्यावीच लागते. तोच नियम तुमच्या मावशींनाही लागू आहे. त्यांचे तीन डोस पूर्ण झालेत का, हे आजच विचारा.

तेव्हापासून आमच्या पोरांना एक सांगून ठेवलंय. पिशवी चाचपायची नाही, फक्त बघायची. सुईचं टोक बाहेर आलेलं दिसलं तर फोटो काढून तुमच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा आणि पिशवी तिथेच ठेवायची. पिवळी मात्र नेतात, कारण रक्ता-पुवानं भरलेला कचरा आणि अवयव ४८ तासांच्या वर ठेवायचे नाहीत अशी अट आहे. लालला तशी अट नाही, ती एक दिवस थांबली तर बिघडत नाही. काहींना हा आमचा आडमुठेपणा वाटतो. खरं तर वर्गीकरण न करता कचरा देणाऱ्यांची नावं प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे. आम्ही आधी तुम्हाला फोटो पाठवतो.

ही चूक होते कशी? बेफिकिरीनं नाही, असं माझं मत. एक कारण सरकारनंच दिलंय. १९९८ च्या नियमांत कचऱ्याचे दहा प्रकार होते. तेव्हा सुया-सिरिंज निळ्या किंवा पांढऱ्या पिशवीत जायच्या आणि जुनी औषधं काळ्या. मार्च २०१६ च्या नियमांत दहाचे चार गट झाले, सुई पांढऱ्या डब्यात आणि कापलेली सिरिंज लाल पिशवीत अशी वेगळी झाली, काळी पिशवी गेली आणि निळा रंग काचेला व धातूच्या इम्प्लांटला आला. ज्या सिस्टर वीस-पंचवीस वर्षं काम करतायत, त्यांचा हात आपोआप जुन्या सवयीनं जातो. त्यात २०१८ मध्ये निळ्या गटाचा पुठ्ठ्याचा खोकाही बंद झाला. आता न फुटणारा, न गळणारा डबा लागतो. फुटलेले अँप्यूल घेऊन तळ फाटलेला खोका अजून महिन्यातून दोनदा आमच्या हातात पडतो.

दुसरं कारण साधं आहे आणि तुमच्या हातातलं आहे. सुई कापायचा कटर कुठे ठेवलाय ते बघा. बहुतेक ठिकाणी तो नर्सिंग स्टेशनवर, कपाटाशेजारी असतो. इंजेक्शन दिलं जातं कॉटवर. रात्री दोन वाजता चार पेशंट ओरडत असताना उघडी सुई घेऊन वॉर्डभर कोण चालत जाईल? सिस्टर सुईला टोपण लावते (त्यातच बोटाला टोचतं) किंवा सिरिंज ट्रॉलीखालच्या लाल डब्यात टाकते. कटर आणि सुयांचा पांढरा डबा इंजेक्शनच्या ट्रॉलीवरच ठेवा. आमच्या एका जुन्या ग्राहकानं एवढंच केलं, तेव्हापासून त्यांची लाल पिशवी एकदाही मागे राहिली नाही.

काय कापायचं यावरही घोळ होतो. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई वेगळी होत नाही, ती न कापता अख्खी पांढऱ्या डब्यात. ब्लेड, सर्जिकल पाती, कॅन्युलाची सुई तिथेच. डबा पाऊण भरला की बंद करा. "रिकामा करून डबा परत द्या" अशी मागणी येते, ती आम्ही मान्य करत नाही. एकदा बंद झालेला डबा उघडायचाच नसतो.

लॅबवाल्यांसाठी एक. रक्ताचे नमुने आणि कल्चर प्लेट पिवळ्यात जातात हे खरं, पण आधी तुमच्याकडे निर्जंतुक करून. तशाच दिल्या तर आम्ही घेत नाही.

पिवळ्या पिशवीत वडापावचे कागद आणि नातेवाइकांच्या पाण्याच्या बाटल्या टाकू नका, त्या नगरपालिकेच्या गाडीचं काम. दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो.

दराबद्दल. आम्ही खाटेमागे घेतो, किलोमागे नाही. किलोवर लावला तर वजन कमी दिसावं म्हणून कचरा भलतीकडे जाईल. त्याच दरात वर्षातून एकदा तुमच्या स्टाफला तासभर शिकवून जातो (हे प्रशिक्षण तसंही बंधनकारक आहे) आणि ३० जूनपूर्वी भरायच्या वार्षिक अहवालासाठी वर्षभराच्या वजनाची यादी देतो. ती मे महिन्यातच मागून घ्या, २८ जूनला नको.

कटरबद्दल शेवटचं. पातं बोथट झालं की सुई कापली जात नाही, वाकते, आणि मग सिस्टर त्या यंत्राचा नादच सोडतात. पातं वर्षातून एकदा तरी बदलावं लागतं. आमच्याकडून घेतलेल्या कटरचं पातं आम्ही बदलून देतो, दुसरीकडून घेतलेल्याचंही बघतो, फक्त पात्याची किंमत पडेल. गाडीवरच्या मुलाला आदल्या दिवशी सांगा, तो घेऊन येईल.