सोलापूर जिल्ह्यातील शिक्षणव्यवस्था

सोलापूर जिल्ह्यातील शालेय शिक्षणाचा आराखडा महाराष्ट्रातल्या इतर जिल्ह्यांसारखाच आहे. त्याला वेगळेपण येते ते माध्यमांमुळे. शहरात मराठी, उर्दू, इंग्रजीबरोबर तेलुगू आणि कन्नड शाळाही आहेत. पूर्व भागातील पद्मशाली विणकर समाजामुळे तेलुगू शाळा रुजल्या, तर कर्नाटकच्या सीमेलगत अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा चालतात. 2020 च्या कायद्याने मराठी विषय सर्व माध्यमांत सक्तीचा आहे.

शिक्षकांची पदे दरवर्षीच्या संचमान्यतेत, म्हणजे शाळांच्या पदमंजुरीत, पटावरून (विद्यार्थिसंख्येवरून) ठरतात. पहिली ते पाचवीसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरले जाते. पट घसरला की पद जाते आणि उरलेल्या शिक्षकाला दोन-तीन वर्ग एकत्र बसवावे लागतात. कन्नड किंवा तेलुगू शाळेला हा फटका जास्त जाणवतो, कारण मराठी शाळेतला अतिरिक्त शिक्षक तिथे चालत नाही. त्याच माध्यमात शिकलेला माणूस लागतो. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गावोगाव जाणाऱ्या मुलांचा वर्षाचा मोठा भाग बुडतो. त्यांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू झाली तरच उपयोगाची.

दहावीची परीक्षा पुणे विभागीय मंडळ घेते. विषय सहा, गुण 600. टक्केवारी मात्र सर्वोत्तम पाच विषयांवर काढतात. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला जाता येते. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला असून दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरता येतात. दाखला आणि आधारवरचे नाव जुळत नसेल, तर कागदपत्र पडताळणीत अर्ज अडकतो. म्हणून नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी.

खरी ठेच अकरावी विज्ञानाला लागते. दहा वर्षे कन्नड, तेलुगू किंवा मराठीत शिकलेल्या मुलासमोर भौतिकशास्त्र एकदम इंग्रजीत येते. समज असूनही संज्ञा ओळखीच्या नसतात, त्यामुळे हुशार मुलेही पहिल्या सत्रात मागे पडतात. आठवीपासून विज्ञान-गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत शिकवल्या तर हे बरेच टळते.

पदवीसाठी सोलापूर विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 रोजी स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एका जिल्ह्यापुरते असलेल्या या विद्यापीठाला 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. शहरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून तिथला प्रवेश ‘नीट’वर होतो.