जर्मनीतल्या शाळांना सुट्टी आणि अमेरिकेतल्या सीडी

१९९९ साली शॉन फॅनिंग या कॉलेजवयीन पोराने नॅपस्टर सुरू केलं आणि लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरची गाणी फुकटात उतरवून घेऊ लागले. पुढच्याच वर्षी मेटॅलिका हा बँड कोर्टात गेला. २००१मध्ये नॅपस्टर बंद पडलं, पण तोवर लोकांना चटक लागली होती. अमेरिकेतला सीडीचा खप त्या सुमारास घसरू लागला आणि कंपन्यांनी निदान करून टाकलं: चोरीमुळे धंदा बसला.

निदान बिनतोड वाटतं खरं, पण त्याच काळात डीव्हीडी आणि व्हिडिओ गेमही पोरांच्या खिशातले पैसे ओढत होते. बरं, अल्बमनिहाय आकडे पाहावेत, तर घोळ आणखी वाढतो. जो अल्बम सर्वांत जास्त डाउनलोड होतो तोच दुकानातही सर्वांत जास्त खपतो. हे दोन आकडे नुसते शेजारी मांडले तर डाउनलोडमुळे विक्री वाढते, असंच कुणीही म्हणेल! मुळात तो अल्बम लोकांना आवडलेला असतो, म्हणून दोन्ही आकडे फुगतात.

मग हा गुंता सोडवायचा कसा? फीलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या दोन अर्थशास्त्रज्ञांना हवं होतं असं कारण, जे डाउनलोड कमीजास्त करेल पण अमेरिकनांच्या आवडीनिवडीशी ज्याचा काडीचा संबंध नसेल. ते त्यांना सापडलं जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्यांत. अमेरिकेत उतरवल्या जाणाऱ्या फायलींपैकी साधारण सहातली एक जर्मनीतून येत असे. तिकडे सुट्टी लागली की पोरं घरी, कॉम्प्युटर चालू, म्हणजे फायली देणारे जास्त. इकडे अमेरिकेत गाणं मिळणं सोपं. जर्मनीत राज्याराज्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत पडतात, हे आणखी सोयीचं. २००२च्या शेवटच्या १७ आठवड्यांतले साडेसतरा लाख डाउनलोड आणि ६८० अल्बमांची विक्री त्यांनी ताडून पाहिली. २००७मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की विक्रीवरचा परिणाम शून्यापासून वेगळा काढता येण्याइतकाही नाही.

युक्ती झकास आहे, यात वाद नाही. निष्कर्ष मात्र मला तितकासा पटत नाही. या १७ आठवड्यांत नाताळ येतो, आणि नाताळात अमेरिकेतली सीडीविक्री अशीही उसळते. शिवाय आठवड्याआठवड्याची मोजणी, माणसाची विकत घ्यायची सवयच हळूहळू मोडत असेल तर ती पकडणार कशी? स्टॅन लिबोविट्झ या अर्थशास्त्रज्ञाने तर या अभ्यासावर झोडच उठवली.

बाकीचे बरेच पुरावे दुसऱ्या बाजूला झुकतात. राफाएल रॉब आणि जोएल वॉल्डफोगेल यांनी थेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाच विचारलं. हिशेब निघाला तो असा: पाच अल्बम डाउनलोड झाले की किमान एकाची विक्री बुडते. म्हणजे ‘प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक गिऱ्हाईक गेलं’ ही कंपन्यांची ओरड फार तर पाचपट फुगवलेली, पण नुकसान शून्य नव्हे. स्वीडनमध्ये एप्रिल २००९ला अशा चोरीविरुद्ध कडक कायदा आला, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत संगीताची विक्री ३६ टक्क्यांनी वाढली. अंमलबजावणी ढिली आहे हे लोकांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे तो परिणाम जवळपास विरून गेला.

पण विक्री घटली म्हणजे कलाकाराचीच कमाई घटली का? जूली मॉर्टिमर आणि सहकाऱ्यांनी अल्बमच्या खपासोबत जलशांची कमाईही तपासली. फुकट फायलींमुळे अल्बम कमी खपले, पण लहान कलाकारांच्या कार्यक्रमांचं उत्पन्न वाढलं. नाव कानावर पडल्याशिवाय तिकीट कोण काढणार? बड्या कलाकारांच्या कार्यक्रमांवर नगण्य फरक पडला. त्यांचं नाव आधीच सर्वतोमुखी होतं.

आपल्याकडचं गणित आणखी निराळं. स्मार्टफोन हातोहाती येण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानाबाहेर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची. पोरगं मेमरी कार्ड काढून द्यायचं, दुकानदार लग्नाची, भक्तिगीतं, लावण्या अशी फोल्डरं कॉपी करून परत द्यायचा. इथे पैसे मोजले जात होते, फक्त ते गायकाकडे न जाता दुकानदाराकडे जात होते! मला विचाराल तर फुकट डाउनलोडपेक्षा हे वाईट. ‘लोकांना परवडत नाही’ हा बचावही इथे लागू पडत नाही.

तरीही त्या कार्डामुळे गीतकाराचं किती बुडालं, हे ठरवताना त्याचा करार आधी पाहावा लागतो. हिंदी-मराठी सिनेमात एकरकमी पैसे घेऊन हक्क लिहून देण्याची पद्धत रुळलेली होती. तसं करणाऱ्याला कॅसेट दहा खपल्या काय आणि दहा लाख खपल्या काय, हाती येणारी रक्कम तीच. पायरसीचा फटका आधी कंपनीला. २०१२मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला आणि सिनेमागृहाबाहेरच्या वापरासाठी गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा वाटा लिहून घेण्यावर बंदी आली. तेव्हापासून चोरलेल्या गाण्यात त्यांचाही पैसा बुडू लागला.