चुकलेले नाणे कसे वाचावे

वर्षाचा आकडा दोनदा उमटलेले नाणे लाखो रुपयांना विकले जाते, असा निरोप गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून नाणी घेऊन माझ्याकडे आले. डब्याच्या तळाशी त्यांनी वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवलेले दोन रुपयांचे एक नाणे होते. त्यावरच्या वर्षाच्या प्रत्येक आकड्याला खरोखरच एक जोडसावली दिसत होती.

नाशिककरांमध्ये एक गैरसमज बराच रुजलेला आहे, तो आधी दूर करतो. नाशिकरोडला नोटा आणि टपाल तिकिटे छापली जातात. नाणी तिथे पाडली जात नाहीत. आपल्या नाण्यांच्या सरकारी टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे आहेत. नाण्यावरच्या वर्षाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर ते मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, नुसता ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे, असे साधारणपणे समजावे.

नाणे पाडण्याची क्रिया थोडक्यात अशी असते. धातूच्या पट्ट्यातून गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात आणि त्यांची कड दाबून किंचित उचलून घेतात. मग ही कोरी चकती पोलादाच्या दोन ठशांमध्ये, एका कड्याच्या आत, क्षणभर प्रचंड दाबाखाली सापडते आणि तिचे नाणे होते. यात चूक दोन ठिकाणी होऊ शकते. ती ठशातच असेल तर त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच चूक उमटते. संग्राहक तिला ठशाचा प्रकार किंवा ‘डाय व्हरायटी’ म्हणतात. ती फक्त त्या एका दाबाच्या वेळी घडली असेल, म्हणजे चकती सरकली, अर्धवट कापलेली आली किंवा आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर तसे नाणे एकटेच असते आणि तीच खरी टंकन-चूक. बाजारात या दोन्हींना सरसकट ‘एरर’ म्हणतात, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आकडा दोनदा उमटण्याची खरी गोष्ट ठसा तयार होतानाच घडते, आणि माझ्या मते नाणकशास्त्रातला हा सर्वांत देखणा भाग आहे. ठशावर नक्षी खोलगट असते. ती एकेका ठशावर हाताने कोरत नाहीत. उठावदार नक्षी असलेला एक कठीण पोलादी खिळा, ज्याला ‘हब’ म्हणतात, तो मऊ पोलादाच्या तुकड्यात दाबून ठसा बनवतात. पण पोलाद दाबले की त्याच्या स्फटिकांच्या रचनेत गुंतागुंत वाढते आणि ते दाबताक्षणीच कठीण होऊ लागते. त्यामुळे पूर्वी एका दाबात पुरेशी खोली मिळत नसे. अर्धवट उमटलेला ठसा पुन्हा तापवून मऊ करायचा, नेमका पहिल्याच जागी बसवायचा आणि हब पुन्हा दाबायचा, असे दोन-तीन वेळा करावे लागे. दुसऱ्या खेपेला ठसा केसभर जरी फिरला, तरी पहिल्या नक्षीशेजारी दुसरी नक्षी कोरली जाते आणि ती पुढे त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर उतरते.

इथे शाळेतली भूमिती उपयोगी पडते. ठसा केंद्राभोवती एक अंश फिरला असे धरू. एखाद्या बिंदूचे सरकणे म्हणजे त्याचे केंद्रापासूनचे अंतर गुणिले रेडियनमधला कोन, आणि एक अंश म्हणजे सुमारे ०.०१७५ रेडियन. म्हणून केंद्रापासून ११ मिलिमीटरवर, कडेजवळ असलेले अक्षर सुमारे ०.१९ मिलिमीटर सरकते, तर २ मिलिमीटरवरचा बिंदू ०.०३५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण निम्माच सरकतो. याचाच अर्थ कडेची अक्षरे ठळक जोड दाखवतील आणि मधले चित्र जवळजवळ शाबूत दिसेल. अमेरिकेच्या १९५५ सालच्या एक सेंटच्या प्रसिद्ध नाण्यावर नेमके हेच झाले आहे: कडेची अक्षरे आणि वर्ष उघड्या डोळ्यांना दुहेरी दिसते, पण मधला लिंकनचा चेहरा जवळपास स्वच्छ आहे. अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी बाजारात गेली असावीत, असा अंदाज आहे. जोड फिरून नव्हे तर सरळ सरकून झाली असेल तर ती सगळीकडे सारखीच दिसते, आणि दुसरा हब किंचित वेगळ्या मापाचा असेल तर ती केंद्रापासून बाहेरच्या दिशेने फाकत जाते. म्हणजे जोडीची दिशा पाहून त्या दिवशी कारागिराच्या हातून नेमके काय चुकले, ते सांगता येते.

काकांचे नाणे मी दहापट भिंगाखाली, खिडकीतून तिरका उजेड घेऊन पाहिले. आकड्यांची जोड होती, पण ती चपटी होती; मूळ आकड्याच्या कडेला जिन्याच्या बुटक्या पायरीसारखा एक सपाट, चकचकीत कट्टा दिसत होता आणि मूळ आकडा त्या बाजूने बारीक झाला होता. खऱ्या जोडठशात दोन्ही आकडे गोलसर उठावाचे असतात, अक्षराची एकूण रुंदी वाढते आणि टोकांशी दोन उठाव एकमेकांपासून सुटताना बारीक खाच दिसते. काकांच्या नाण्यावर मात्र ठसा यंत्रात सैल बसलेला होता आणि दाब सुटताना तो उडून आकड्याची कड खरवडून गेला होता. असे नेहमी घडते आणि त्याची किंमत दोन रुपयेच. काका थोडे खट्टू झाले.

त्याच डब्यात, त्यांनी बाजूला सारलेल्या रुपयांमध्ये, मला मात्र दुसरेच काही सापडले: कडेपासून निघून अंकाच्या पायापर्यंत गेलेली, बोटाच्या नखाला जाणवणारी एक उठावाची रेघ. काकांना ती ओरखडा वाटली होती. पण ओरखडा धातू उकरतो, तो नेहमी खोलगट असतो. नाण्यावर जे उठावाचे असते ते ठशात खोल असते, हा एकच नियम लक्षात ठेवला तर निम्मे प्रश्न सुटतात. ही रेघ म्हणजे ठशाला गेलेला तडा. दाबाखाली धातू त्या फटीत शिरला होता. ठसा काही लाख नाणी पाडता पाडता थकतो आणि तडा वाढत जातो. त्यामुळे एकाच ठशाची तीन-चार नाणी हाती आली, तर तड्याच्या लांबीवरून त्यांचा आधी-नंतरचा क्रम लावता येतो. शेवटी कडेचा तुकडाच निखळला की नाण्यावर त्या जागी बिनचेहऱ्याचा फुगवटा येतो.

याच्या शेजारी बाजारातल्या भूलथापा ठेवून पाहा. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले नाणे घरात ठेवले की पैसा येतो, असे सांगून ते चढ्या दराने विकले जाते. त्याहून घातक म्हणजे ‘राइस पुलर’: वीज पडलेले जुने तांब्याचे नाणे तांदूळ ओढते, अशी बतावणी करून लोकांना गंडवले जाते. तांदळाला चुंबक ओढत नाही आणि तांब्याचे नाणे चुंबक नसतेच. दाणे हलतात ते हातचलाखीने. जुनी नाणी विकत घेण्याच्या खोट्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते, तरीही असे निरोप थांबलेले नाहीत.

ठशाचे प्रकार नेहमी चुकीतूनच येतात असेही नाही. १८६२ साल असलेला राणीछाप रुपया पुढे १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला गेला आणि मुंबई टांकसाळीने खरे वर्ष ओळखण्यासाठी त्यावर बारीक ठिपके घातले; म्हणून हा रुपया हाती आला की लोक आधी ठिपके मोजतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती सोंड आखूड पडल्याने डुकरासारखा दिसू लागला, लोक भडकले आणि १९१२ पासून नव्या ठशात हत्तीला नीट सोंड मिळाली.

ठशावर ठसा बसण्याचे सर्वांत मोठे उदाहरण तर नाशिकजवळच आहे. जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे: एका बाजूला तीन कमानींचा चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळे असलेली फुली. ही चूक नव्हे, जाणूनबुजून केलेली गोष्ट आहे. पण ती वाचण्याची रीत तीच. नव्या ठशाचा सपाट भाग नाण्यावर पूर्ण बळाने बसतो आणि तिथली जुनी नक्षी चेपली जाते. ठशात जिथे खोल खाच असते तिथे मात्र धातूवर दाब कमी येतो आणि जुनी नक्षी टिकून राहते. त्यामुळे नहपानाचे अवशेष बहुधा नव्या ठशाच्या आवाक्याबाहेर कडेला आणि, जरा विचित्र वाटेल, नव्या नक्षीच्या उंचवट्यांवरच सापडतात. पांडवलेण्यांतल्या लेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केल्याचे सांगते. नाण्यांवर मात्र चैत्याच्या कमानीवरून नहपानाच्या नाकाची कड किंवा त्याच्या ग्रीक अक्षरांची एखादी ओळ अजूनही डोकावते, आणि ती पाहायलाही तेच दहापट भिंग आणि तोच तिरका उजेड पुरतो.