सुतारकामातील साहाय्यक साधने
उरलेल्या लाकडी तुकड्यांतून कारागीर स्वतःच्या हाताने बनवतो त्या साध्या साधनांचा हा वर्ग आहे. ही साधने स्वतः कापत किंवा तासत नाहीत. कामाचा तुकडा जागेवर धरणे, हत्याराला वाट दाखवणे आणि बोटे पात्यापासून दूर ठेवणे एवढेच त्यांचे काम असते.

नवशिक्याने सर्वांत आधी करावे असे साधन म्हणजे बेंच हुक. सुमारे २५ सेंमी. लांब व १८ सेंमी. रुंद सपाट फळीच्या एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून एकेक पट्टी बसवली की ते तयार होते. खालची पट्टी कामाच्या बाकाच्या कडेला अडकते आणि वरच्या पट्टीला टेकवलेला तुकडा एका हाताने दाबून धरता येतो. पुढे ढकलताना कापणाऱ्या करवतीचा प्रत्येक रेटा त्याला पट्टीवर अधिकच घट्ट बसवतो, म्हणून क्लॅम्प (तुकडा आवळून धरणारी पकड) लागत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी वरची पट्टी उजव्या कडेपासून दोनेक सेंमी. आखूड ठेवतात. त्यामुळे आरपार गेलेले पाते खालच्या फळीतच रुतते आणि बाकावर ओरखडा उठत नाही. पट्टी सरसानेच चिकटवावी, कारण करवतीच्या वाटेत स्क्रू आला तर दात बोथट होतात.

याच रचनेतून शूटिंग बोर्ड घडतो. त्यावर रंधा कुशीवर आडवा ठेवून सरकवत तुकड्याचे टोक काटकोनात तासतात. त्याचा काटकोन तपासण्यासाठी गुण्यासुद्धा (काटकोन मोजण्याचे साधन) लागत नाही: दोन तुकड्यांची टोके तासून एक तुकडा पालथा करावा आणि दोन्ही सरळपट्टीला टेकवून टोकाला टोक भिडवावे. कोनात चूक असल्यास फटीत ती दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे केसभर फरकही नजरेतून सुटत नाही.

गोल करवतीच्या टेबलावर अरुंद पट्टी चिरताना वापरायची ढकलकाठी लाकडाचीच हवी, धातूची कधीही नको; पात्याला लागलीच तर काठी कापली जावी. गाठी असलेले किंवा तडकलेले लाकूड तिच्यासाठी घेऊ नये.

हवेतील ओलाव्याने अखंड लाकूड तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, म्हणून अचूकता टिकवायच्या साधनांना प्लायवुडचा तुकडा बरा. मालवाहू पॅलेटच्या (माल ठेवण्याच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या घेताना आधी खिळे उपटावेत आणि त्यांवरचा प्रक्रियेचा शिक्काही पाहावा: ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६° से. तापमान किमान ३० मिनिटे राखून केलेली उष्णताप्रक्रिया, तर ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ‘एमबी’ शिक्क्याच्या फळ्या कार्यशाळेत आणू नयेत.