पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. : पात्रता, कागदपत्रे आणि अभ्यासक्रमातच असलेले प्रत्यक्ष प्रशिक्षण

कायद्याची पदवी मिळाल्यानंतर एखाद्या वकिलाकडे वर्षभर सक्तीची उमेदवारी करावी लागते आणि मगच सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, मिळते, असा समज अजूनही बऱ्याच घरांत आहे. तो आजच्या नियमांना धरून नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील सनदपूर्व प्रशिक्षणाची अट १९७३ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. पुढे भारतीय विधिज्ञ परिषदेने (बार कौन्सिल ऑफ इंडियाने) १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा आणले, परंतु असे नियम करण्याचा अधिकार परिषदेला नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते रद्द ठरवले. त्यामुळे वकिलीचे जे प्रशिक्षण सक्तीचे आहे, ते सारे अभ्यासक्रमाच्या तीन वर्षांतच पूर्ण होते. प्रवेश घेताना हे लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण पदवीसोबत हे प्रशिक्षण खरोखर मिळणार की केवळ कागदावर राहणार, हे बरेचसे महाविद्यालयाच्या निवडीवर ठरते.

पात्रतेसाठी कोणत्याही विद्याशाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते. विधी शिक्षण नियम, २००८ नुसार पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती व जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेल्या किंवा देणार असलेल्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश परीक्षेला बसता येते. मात्र प्रवेश निश्चित करताना उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका हातात असावी लागते. मुक्त विद्यापीठाच्या पदवीधरांनी एक बाब आधीच तपासून घ्यावी. दहावी आणि बारावी करून दूरस्थ पद्धतीने पदवी घेतली असेल, तर अडचण नाही. बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षेच्या आधारे पदवीला प्रवेश घेतला असेल, तर अशी पदवी या नियमांनुसार विधी प्रवेशासाठी ग्राह्य धरली जात नाही. अनेक वर्षे नोकरी करून वकिलीकडे वळू पाहणाऱ्या माणसाला हे शुल्क भरल्यानंतर कळणे अन्यायाचे वाटते, म्हणून ते येथे आवर्जून सांगितले आहे.

महाराष्ट्रात या अभ्यासक्रमाचे प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, म्हणजे रोजच्या भाषेत सीईटी सेलमार्फत होतात. परीक्षा संगणकावर होते, प्रश्न बहुपर्यायी असतात आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. विधीविषयक कल, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्कक्षमता आणि इंग्रजी हे तिचे विषय असून परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते. गोव्यातील विधी महाविद्यालये गोवा विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र आहे.

येथे सर्वाधिक घोटाळा होतो तो एका गोष्टीत. सीईटीचा अर्ज भरणे आणि कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेची, नोंदणी करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. परीक्षा उत्तम देऊनही निकालानंतर कॅपसाठी पुन्हा नोंदणी केली नाही, तर गुणवत्ता यादीत नावच येत नाही. या नोंदणीत कागदपत्रे अपलोड करावी लागतात, त्यांची ऑनलाइन छाननी होते आणि त्रुटी असल्यास अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. त्यासाठी दिलेली मुदत थोडी असते. तात्पुरती यादी, हरकती, अंतिम गुणवत्ता यादी, पसंतीक्रम भरणे, जागावाटप आणि मूळ कागदपत्रांसह महाविद्यालयात हजर होऊन शुल्क भरणे, असा पुढचा क्रम आहे.

कागदपत्रांत दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या सर्व वर्षांच्या किंवा सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरते उत्तीर्णता प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, छायाचित्र आणि स्वाक्षरी एवढी मूळ जुळवाजुळव बहुतेकांना करावी लागते. विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, शिक्षणात खंड असल्यास त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र आणि विवाहानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावे. राखीव जागेसाठी अर्ज करणाऱ्यांना जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते पडताळणी समितीकडून मिळण्यास वेळ लागतो, म्हणून सीईटीचा अर्ज भरतानाच त्याच्या मागे लागावे. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रावरील मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत असावी लागते. गेल्या वर्षी काढलेले प्रमाणपत्र कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नये, त्यावरील तारीख वाचावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र राज्याने ठरवलेल्या नमुन्यातच हवे. हे दाखले सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून काढता येतात.

पसंतीक्रम भरताना बहुतेक जण केवळ गेल्या वर्षीची कटऑफ पाहतात. तिच्याइतकेच महत्त्व प्रात्यक्षिकाला द्यावे, असे मला मनापासून वाटते. नियमांनुसार चार प्रात्यक्षिक विषय अनिवार्य आहेत : मसुदालेखन व दस्तलेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी तंटानिवारण (न्यायालयाबाहेर वाद मिटवणे), आणि अभिरूप न्यायालय (सरावासाठी भरवलेले लुटुपुटूचे न्यायालय) व इंटर्नशिप. मसुदालेखनात न्यायालयीन कागदांचे १५ आणि दस्तांचे १५ सराव करायचे असतात. दावा, कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर), प्रतिज्ञापत्र, जामीन अर्ज हे एका बाजूला. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र हे दुसऱ्या बाजूला. साधा रक्कम वसुलीचा दावा लिहितानासुद्धा दाव्याचे कारण कोणत्या तारखेला घडले, हे न्यायालय त्याची दखल का घेऊ शकते, दावा मुदतीत कसा आहे, मूल्यांकन आणि कोर्ट फी किती, हे परिच्छेदवार मांडून शेवटी सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याची कबुली, लिहावे लागते. ज्याने हे हाताने लिहिले आहे आणि ज्याच्या वहीवर शिक्षकांनी लाल शाईने दुरुस्त्या केल्या आहेत, त्याला पहिल्या अशिलाचा कागद परका वाटत नाही.

चौथ्या विषयात तीन अभिरूप खटले लढवायचे, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला न्यायालयात बसून पाहायचा, वकिलाच्या कार्यालयात किंवा विधी साहाय्य केंद्रात अशिलाशी झालेल्या दोन मुलाखती पाहून त्यांची नोंद करायची आणि कागद दाखल कसे होतात ते पाहायचे असते. नोंदवहीत प्रकरण क्रमांक, न्यायालय आणि त्या दिवशीचा टप्पा लिहावा. सरतपासात (आपल्याच बाजूच्या वकिलाने विचारताना) साक्षीदार काय म्हणाला, उलटतपासात (विरुद्ध बाजूच्या वकिलाने विचारताना) कोणत्या प्रश्नाला हरकत घेतली गेली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली की फेटाळली, हेही टिपावे. याखेरीज तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक काळ ती करता येत नाही, आणि किमान एकदा तरी वकिलाकडे काम केलेले असावे लागते. म्हणजे अखेरच्या सत्रात एकदम सारे उरकण्याची सोय नियमांतच नाही. प्रत्येक इंटर्नशिपच्या प्रमाणपत्राची प्रत आणि दैनंदिनी पहिल्या वर्षापासून एकाच फाइलमध्ये ठेवावी. वर्गातील ७० टक्के उपस्थितीचा नियमही आहे. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांनी महाविद्यालयाची वेळ प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावी.

निकालानंतर महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करावा लागतो. ३० जुलै २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अधिवक्ता अधिनियमाने ठरवलेल्या रकमेपेक्षा अधिक नोंदणी शुल्क परिषदांना घेता येणार नाही. खुल्या प्रवर्गासाठी ती रक्कम एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. वकिलीसाठी अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते, तीही मराठीतून देता येते. परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी नोंदणी लांबवू नये, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निर्णयाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू झाली असून हा काळ तात्पुरत्या, म्हणजे बार परीक्षा उत्तीर्ण होण्यापूर्वीच्या, नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो.