तंबू खाणारी बुरशी आणि केळीचा खांब

रावेर, यावल, चोपड्याकडे केळीचा घड उतरला की त्या खांबाचं काम संपतं. एका खांबाला एकदाच घड. पुढचं पीक बुंध्यातून फुटणाऱ्या पिलांवर. कापलेले खांब मग बांधावर नाहीतर नाल्याकाठी सडत पडतात.

सडणं म्हणजे नेमकं काय, हे एल्विन रीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने आयुष्यभर अभ्यासलं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचे सुती तंबू भराभर कुजत होते. ती नासाडी थांबवायची, हे सैन्याच्या प्रयोगशाळेतलं त्यांचं काम. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. तंबूवरची बुरशी सेल्युलोज तोडणारी विकरं (एन्झाइम), म्हणजे सेल्युलेज, बाहेर सोडते. एक विकर साखळी मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या काढत जातं, तिसरं जोडी फोडून सुटं ग्लुकोज करतं. मग बुरशी ते पिते.

जिला रोखायचं, तिलाच कामाला लावलं तर? मला रीज यांच्या कारकिर्दीतलं हे वळण फार मोलाचं वाटतं. त्यांनी आणि मेरी मँडेल्स यांनी त्याच बुरशीची विकरं वापरून टाकाऊ कागदापासून ग्लुकोज बनवलं. त्यापासून पुढे इथेनॉल करता येतं. आधी ट्रायकोडर्मा व्हिरिडी समजली गेलेली ही बुरशी १९७७ मध्ये त्यांच्या नावाने ‘ट्रायकोडर्मा रीजी’ झाली. मर रोगासाठी आपण शेणखतात कालवून टाकतो, ती ट्रायकोडर्मा पावडर याच कुळातली!

केळीच्या खांबातही सेल्युलोज भरपूर, पण ते लिग्निनच्या, म्हणजे झाडाला कडकपणा देणाऱ्या चिवट पदार्थाच्या, वेढ्यात असतं. आधी तो वेढा सैल करावा लागतो, आणि खर्च तिथेच वाढतो. धागा काढणं त्यापेक्षा सोपं. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने तर खांबाच्या रसापासून द्रवखत तयार केलंय.

जळगावच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी केळी आहे. एम.एस्सी. झाली की बहुतेकांची नजर पुण्या-मुंबईच्या औषध कंपन्यांकडे. त्यांतल्या काहींनी तरी हा खांब हाती घ्यावा, असं मनापासून वाटतं. केंद्र सरकारची ‘बायरॅक’ ही संस्था नव्या जैवतंत्रज्ञान कल्पनांना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते.

खरी अडचण पाण्याची आहे. खांबाच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणीच असतं. ते ट्रॅक्टरमध्ये भरून कारखान्यापर्यंत नेणं कुणालाच परवडणार नाही. त्यामुळे रस पिळणारं, धागा काढणारं यंत्र बागेतच आलं पाहिजे, आणि उरलेल्या चोथ्यावर बुरशी वाढवायची सोयही तिथेच हवी.